सहज भेटायचं ठरवलं, आणि जिना आडवा आला!

“पबात? आणि तू?” फोनवर सासूबाईंचा आवाज एकदम चढला.

मैत्रिणींनो, हा शब्द वाचून तुमच्याही कपाळाला आठी पडली असेल तर नवल नाही. मी मूळची कराडची. बी.ए. झाले, लग्न झालं आणि ह्यांच्या नोकरीपायी इंग्लंडात रेडिंग नावाच्या गावी येऊन पडले. लंडनच्या पश्चिमेला, आगगाडीने अर्ध्या तासावर. घर, दोन मुलं, आठवड्यातले दोन दिवस एका बालवाडीत शिकवणं आणि शनिवारी इथल्या मराठी मुलांकडून बाराखडी गिरवून घेणं, एवढाच माझा पसारा. अशा बाईचं पबात काय काम? खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. पब म्हणजे दारूचा गुत्ता हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की, पहिली तीन वर्षं पबासमोरून जाताना मी मुलांचे हात घट्ट धरून झपाझप पावलं टाकत असे!

आणि आज पबात दहा-पंधरा माणसांची बैठक जमवण्याचं काम चक्क माझ्याकडे आहे. ते माझ्याकडे कसं आलं, त्यात माझ्या हातून एक मोठी चूक कशी झाली आणि त्या चुकीने मला काय शिकवलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही भिशी चालवत असाल, वाचक मंडळात असाल किंवा फोनवरच्या एखाद्या गटातल्या मैत्रिणींना ‘एकदा प्रत्यक्ष भेटू या गं’ असं वर्षानुवर्षं नुसतंच म्हणत असाल, तर यातलं पुष्कळसं तुमच्याही उपयोगी पडेल.

बाबागाडी आणि नकाशा

सुरुवात झाली बाबागाडीपासून. धाकटा लहान होता तेव्हा त्याला बाबागाडीत घालून मी गावभर हिंडत असे. हिंडताना एक गोष्ट ध्यानात आली. हातातल्या फोनवरचा नकाशा रस्ता दाखवतो, पण त्या रस्त्यात मधेच आठ पायऱ्या आहेत हे सांगत नाही. टेकायला बाक कुठे आहे, मुलाला ‘शू’ आली तर नेणार कुठे, पदपथ कुठे उतरता केला आहे, ही बायकांच्या रोजच्या गरजेची माहिती नेमकी नसायची. शेजारच्या एका आजींजवळ मी कुरकुर केली. त्या म्हणाल्या, “मग तूच का नाही लिहीत?” आणि त्यांच्या नातवाने मला ओपनस्ट्रीटमॅप दाखवला.

हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगते. २००४ साली लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने ही कल्पना काढली. त्या वेळी इंग्लंडातल्या सरकारी नकाशांची माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत आणि अटीही असत. त्याने म्हटलं, आपण सामान्य माणसंच चालत, सायकलवरून फिरून नकाशा तयार करू आणि तो सगळ्या जगाला फुकट वापरू देऊ. पुस्तकी ज्ञानाचा जसा विकिपीडिया, तसा हा नकाशांचा. आज तिथे नाव नोंदवलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. त्यातली प्रत्यक्ष काम करणारी माणसं त्यामानाने थोडीच, हे काही वेगळं सांगायला नको. कुठल्याही मंडळात तसंच असतं!

पण हे काम पोकळ नव्हे बरं का. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. तिथल्या राजधानीचा धड नकाशाच मदतीला गेलेल्यांना मिळेना. तेव्हा जगभरच्या माणसांनी आपापल्या घरी बसून, उपग्रहाच्या चित्रांवरून गल्ल्या आणि रस्ते रेखून काही दिवसांत तो उभा केला. २०१५ साली नेपाळच्या भूकंपात हेच झालं. २०१८ साली केरळात महापूर आला तेव्हाही झालं.

माझं काम एवढं मोठं नाही. मी बाक मांडते, पायऱ्या मोजते, जिन्याला कठडा आहे का ते लिहिते. आमच्या रेडिंगला केनेट नदी थेम्सला मिळते. तिथे काठावर उभी राहिले की मला आमच्या कराडचा कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आठवतो आणि डोळे भरून येतात. त्या वाटेवरच्या बाकांची नोंद मी केली, त्याचा मला वेडा अभिमान आहे!

मात्र हे काम असतं एकटीचं. रात्री मुलं झोपली, ओटा आवरला की मी तासभर बसते. पगार नाही, शाबासकी नाही. सोबत काम करणारी माणसं ठाऊक असतात, पण टोपणनावाने. कोणी चुकलेली गल्ली दुरुस्त करतं, कोणी चार शब्दांचा निरोप ठेवतं, एवढाच परिचय. घरकामासारखंच हे. केलं तर दिसत नाही, नाही केलं तर मात्र दिसतं.

म्हणूनच एकदा निरोप आला, ‘आपल्या भागातले सगळे अमुक पबात मंगळवारी भेटतो आहोत, या’, तेव्हा मन नाही म्हणता म्हणता ओढ घेऊ लागलं.

पब म्हणजे नेमकं काय?

पब हा ‘पब्लिक हाउस’चा संक्षेप. सगळ्यांचं घर, असा त्याचा अर्थ. तिथे दारू मिळते हे खरंच आहे, ते मी कशाला लपवू? पण तिथे जेवण मिळतं, बहुतेक ठिकाणी चहा-कॉफी मिळते, रविवारी दुपारी कुटुंबंच्या कुटुंबं आजी-आजोबांना घेऊन येतात. मोठं माणूस बरोबर असेल तर अनेक पबांत मुलांनाही जेवायला नेता येतं. मात्र प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, तेव्हा आधी विचारलेलं बरं.

या नकाशाकारांची पबात भेटण्याची रीत जुनीच आहे. लंडनला, बर्मिंगहॅमला, नॉटिंगहॅमला असे मेळावे होत आले आहेत. उन्हाळ्यात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तेव्हा आधी तासभर एखाद्या वस्तीत फिरून नोंदी करायच्या आणि मग पबात टेकायचं. जर्मनीत याला ‘श्टामटिश’ म्हणतात. म्हणजे नेहमीच्या मंडळींचं ठरलेलं टेबल.

पबच का, असं मीही विचारलं होतं. उत्तर ऐकून माझ्यातली गृहिणी गप्प झाली. दालनाचं भाडं नाही, वर्गणी नाही, अध्यक्षीय भाषण नाही. कुणाच्या घरी जमायचं म्हणजे त्या घरच्या बाईला सगळा रगाडा. इथे तो नाही. जो तो आपल्या सवडीने येतो, आपल्या पैशाने खातो-पितो, वाटेल तेव्हा उठून जातो.

तरी पहिल्या दिवशी मी पबासमोरून दोनदा पुढे गेले हं! तिसऱ्यांदा ह्यांना फोन केला. हे म्हणाले, “दार ढकल. नाही आवडलं तर परत ये. वरण-भात मी लावलाय.” तेव्हा कुठे आत गेले. कोपऱ्यातल्या टेबलावर एक कागदी नकाशा पसरलेला होता, तीच खूण. पिकल्या केसांच्या एका गृहस्थांनी खुर्ची सरकवली आणि माझं टोपणनाव ऐकताच म्हणाले, “अरे, म्हणजे बाकांवाल्या बाई तुम्हीच!”

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांत त्या गावात मी कुणाची तरी बायको होते, कुणाची तरी आई होते. त्या क्षणी मी माझ्या कामाने ओळखली गेले. लिंबाचं सरबत आणि सोडा यांचा एक पेला समोर घेऊन दोन तास कशा गेले कळलं नाही. बोलणं कशावर? तर एका बोळाला ‘रस्ता’ म्हणायचं की ‘पायवाट’! शेजारच्या टेबलावरची माणसं आम्हाला खुळ्यांत काढत असतील.

बेत माझ्या हाती येतो

वर्षभराने बैठक ठरवणारे गृहस्थ दुसऱ्या गावी गेले. पुढे कोण, म्हणताना मी हात वर केला. मनात म्हटलं, माहेरी पंचवीस पानांची पंगत उठवलेली बाई मी, एक टेबल राखून ठेवणं ते काय!

मी अगदी घरच्या कार्यासारखी तयारी केली. गुरुवार-शुक्रवारी पबात ऑफिस सुटल्यावरची गर्दी असते, म्हणून मंगळवार घेतला. त्या दिवशी फुटबॉलचा सामना नाही ना, प्रश्नमंजूषा नाही ना, हे पाहिलं. अनेक पबांत आठवड्यातल्या एका रात्री प्रश्नमंजूषा असते आणि ती सुरू झाली की शेजारच्याशीही बोलता येत नाही. स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते विचारलं, नाहीतर कामावरून आलेली माणसं उपाशी राहायची. माझ्यासारख्या शाकाहारींसाठी बटाट्याच्या काचऱ्या माशांच्याच तेलात तळतात का, हेसुद्धा विचारलं. आवाज नको म्हणून माडीवरची खोली मागितली. ती फुकट मिळाली, याचा मला कोण आनंद!

संध्याकाळी अकरा जण आले. गप्पा रंगल्या. दोन नवे चेहरे होते. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, “कार्य कसं निर्विघ्न पार पडलं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी एक निरोप आला. दोनच वाक्यं होती.

‘काल येऊन गेले. जिना होता.’

दोन वाक्यं

टोपणनाव ओळखीचं होतं. आमच्या भागातली शेकडो घरं, शाळांची कुंपणं इतक्या बारकाईने रेखणारं ते नाव होतं की आम्ही सगळे त्याला मानत असू. पण त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं. मी विचारपूस केली तेव्हा कळलं की, त्या साठीच्या बाई आहेत आणि गेली नऊ वर्षं व्हीलचेअरवर आहेत. म्हणूनच तर त्यांचं सगळं काम घरात बसून, उपग्रहाच्या चित्रांवरून चालायचं. पुष्कळ दिवस मनाची तयारी करून त्या पहिल्यांदा भेटायला निघाल्या होत्या. टॅक्सीने आल्या. दाराशी एक उंच पायरी होती, ती एका तरुणाच्या मदतीने चढल्या. आत विचारलं तर गल्ल्यावरच्या मुलीने बोट वर दाखवलं. जिन्याखाली त्या वीस मिनिटं थांबल्या. कोणीतरी खाली उतरेल म्हणून.

आणि आम्ही वर हसत-खिदळत होतो. खाली कोणीच गेलं नाही.

मैत्रिणींनो, मला रडू कोसळलं. तेल वेगळं आहे का हे विचारणारी मी! पायऱ्या मोजून नकाशावर मांडणारी मी! बाबागाडी जिन्यापाशी अडली म्हणून ज्या कामाला लागले, त्याच कामातली एक बाई मी बांधलेल्या जिन्यापाशी अडून परत गेली. मुलगा चालायला लागला, बाबागाडी माळ्यावर गेली आणि तिच्याबरोबर माझी ती नजरही माळ्यावर गेली.

एक गोष्ट आणखी जिव्हारी लागली. बर्लिनच्या काही मंडळींनी २०१० साली ‘व्हीलमॅप’ नावाचा नकाशा सुरू केला. आमच्याच नोंदींवर तो चालतो. व्हीलचेअर सहज जाऊ शकते ती जागा हिरवी, थोडीफार अडचण असेल तर नारिंगी, जाताच येत नसेल तर लाल. आणि जिथे अजून कुणी पाहिलेलंच नाही, ती करडी. मी तो नकाशा उघडला. माझा तो पब करडा होता. म्हणजे आम्ही एवढी नकाशे काढणारी माणसं तिथे बसून आलो, आणि आमच्यापैकी एकालाही दार पाहून यावंसं वाटलं नव्हतं.

मी तो स्वतःच्या हाताने लाल केला. नाराजीने नव्हे. पुढच्या कुणी टॅक्सीचे पैसे खर्चून तिथवर जाऊ नये म्हणून.

आपल्याकडचं हळदीकुंकू आठवून पाहा. कोणे काळी आपणही बायका असंच करत नव्हतो का? आळीतल्या सगळ्यांना बोलावलं असं म्हणायचं, आणि जिचा नवरा गेला तिच्या दारावरून पुढे जायचं. अलीकडे पुष्कळ ठिकाणी हे बदलतं आहे, चांगली गोष्ट आहे. तिथे आपण मुद्दाम वगळत होतो आणि इथे माझ्या मनात तसं काही नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. पण जिन्याखाली थांबलेल्या बाईला या दोन्हींत काय फरक वाटला असेल?

बाबागाडी माळ्यावरून खाली

मी त्यांना माफी मागणारा निरोप लिहिला. नुसती माफी काय कामाची? म्हणून एक विनंतीही केली, की पुढची जागा तुम्ही सांगा. उत्तर यायला चार दिवस लागले. आलं ते असं, की ‘आधी तुम्ही पाहून या, मग मी पाहीन.’

मग मी माळ्यावरची बाबागाडी काढली. तिच्यात मुलाऐवजी दप्तरं घातली आणि एका शनिवारी ह्यांना घेऊन चार पब पालथे घातले. लोक वळून पाहत होते. पण बाबागाडीसारखी परीक्षा दुसरी नाही. पहिल्या पबात दार सपाट, पण स्वच्छतागृह तळघरात. इथल्या जुन्या पबांत हे फार आढळतं. दुसऱ्यात सगळं एका पातळीवर होतं, पण टेबलं सगळी उंच, स्टुलांवर चढून बसायची. तिसऱ्यात अपंगांसाठीचं स्वच्छतागृह होतं, आणि त्यात खुर्च्यांची चळत रचून ठेवलेली! चौथ्यात दार रुंद, टेबलं नेहमीच्या उंचीची, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आणि रिकामं. पण माडी नाही, वेगळी खोली नाही, गलका भरपूर.

मी चौथा पब कळवला आणि गलक्याचंही खरं ते सांगितलं. त्यांनी लिहिलं, ‘गलका चालेल. गलका ऐकायलाच तर यायचं आहे.’

पुढच्या मंगळवारी मी अर्धा तास आधी जाऊन बसले. टेबलाच्या एका बाजूची खुर्ची उचलून दूर ठेवली, म्हणजे व्हीलचेअर सरळ आत घेता येईल. दाराकडे तोंड करून बसले. साडेसहाला त्या आल्या. मला वाटलं होतं, पहिलं वाक्य जिन्याबद्दल असेल. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “केनेटच्या काठी तुम्ही दाखवलेला तिसरा बाक आहे ना, त्याला पाठ आहे की नाही? ते राहिलंय लिहायचं.”

सगळे खो खो हसलो. आणि खरंच, ते राहिलं होतं!

आता दरवेळची जागा त्या आणि मी मिळून ठरवतो. आमच्या भागातले कितीतरी करडे ठिपके या दीड वर्षात हिरवे, नारिंगी नाहीतर लाल झाले. एका पबवाल्याने तर आमचं विचारणं ऐकून स्वच्छतागृहातल्या खुर्च्या हलवल्या. कोणता ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुमच्या गावी भेटायचं असेल तर

आपल्याकडच्या गावांत पब कशाला हवा? वाचनालयाची खोली आहे, बाग आहे, एखादं निवांत उपाहारगृह आहे. पण सहज भेट ही आपोआप सहज होत नाही. कुणीतरी एकीने आधी विचार केलेला असतो, म्हणून ती बाकीच्यांना सहज वाटते. माझ्या अनुभवातून सुचलेल्या चार गोष्टी सांगते, पटतील त्या घ्या.

पहिली गोष्ट, जागा फोनवर ठरवू नका, जाऊन पाहा. ‘सगळी सोय आहे हो’ हे वाक्य ऐकून विसंबू नका. दाराशी पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठे आणि त्याला कडी आहे का, बसायला खुर्च्या आहेत की भारतीय बैठक, हे स्वतः बघा. गुडघे दुखणाऱ्या बायकांना खाली बसणं म्हणजे शिक्षा. आणि निमंत्रणातच खरं ते लिहा: ‘दाराशी दोन पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही.’ त्यात कमीपणा नाही. वाचणारीला आधी कळलं तर ती आपली सोय बघते.

दुसरी, वेळ. दुपारी तीन ते पाच ही वेळ घरच्या बायकांना बरी, पण नोकरी करणारीला नाही. म्हणून आलटून पालटून ठेवा. सुरू कधी होणार तसं संपणार कधी तेही सांगा, म्हणजे घरी सांगून येता येतं. अर्ध्यातून उठलेलीला ‘एवढ्यात चाललीस?’ म्हणून अडवू नका. मुलांना आणलं तर चालेल का, तेही स्पष्ट लिहा.

तिसरी, पैसे. इथल्या पबात एक रीत आहे. एकाने उठून टेबलावरच्या सगळ्यांसाठी पेय आणायचं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. दिसायला छान, पण हात आखडता असलेल्या माणसाला त्यात अवघड होतं. तो मग यायचाच थांबतो. आमच्या बैठकीत मी पहिल्यापासून सांगते, ज्याचं त्याने घ्यावं. आपल्या कॉलेजच्या भाषेत टी.टी.एम.एम. म्हणजे तुझं तू, माझं मी! नुसतं पाणी घेऊन बसलेल्याकडे कुणी पाहत नाही. इंग्लंडात तर असा नियमच आहे की, दारूचा परवाना असलेल्या जागी गिऱ्हाइकाने मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यायचं. तुमच्या उपाहारगृहात पदार्थ मागवण्याची सक्ती असेल तर तेवढा खर्च आधी कळवा.

चौथी, ओळख नसलेल्यांना भेटताना थोडी सावधगिरी. पहिली भेट कुणाच्या घरी नको, चारचौघांत असावी. आपण कुठे जातो ते घरी सांगून निघावं. ज्या टोपणनावाने माणूस काम करतं त्याच नावाने बोलवावं. खरं नाव, पत्ता, नवऱ्याची नोकरी खोदून विचारू नये. फोटो काढायचा तर आधी विचारावं आणि जिला नको तिला बाजूला सरायला वेळ द्यावा. आमच्यात एक जण फोटोच्या वेळी हमखास पाणी आणायला जातात. आम्ही कधी कारण विचारलं नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, जिने बोलावलं तिने दाराकडे तोंड करून बसावं. एकटी येणारी बाई दारातून आत पाहते, ओळखीचं कोणी दिसत नाही, आणि परत फिरते. तेवढ्या क्षणात कुणी हात केला तर ती आत येते. निदान दर पंधरा मिनिटांनी उठून बाहेर, खाली, जिन्याशी पाहून यावं. मी त्या दिवशी हे एवढंच केलं असतं तरी पुरलं असतं.

जाता जाता, तुमच्यापैकी कुणाला हे नकाशाचं काम करावंसं वाटलं तर त्याला पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. आपल्या गल्लीतला दवाखाना, पाण्याचा नळ, बसथांब्याजवळचं बायकांचं स्वच्छतागृह यांची नोंद तुमच्याइतकी अचूक दुसरं कोण करील? रोज त्या वाटेने जाता येता तुम्ही. आणि अशा चार जणी झाल्या की भेटा मात्र नक्की.

सासूबाई पबात!

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई इथे आल्या होत्या. मंगळवार आला तशा म्हणाल्या, “चल, बघू तरी तुझा तो पब.” मी घाबरतच नेलं. त्या नऊवारी सावरत आत आल्या, चहाचा कप हातात घेतला आणि सगळीकडे नजर फिरवली. एका टेबलाशी दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. एकीचं बाळ मांडीवर झोपलं होतं. आमचे लोक एका गल्लीच्या नावावरून हुज्जत घालत होते आणि व्हीलचेअरवरच्या बाई सगळ्यांना दामटून आपलं म्हणणं खरं करत होत्या.

त्या बाईंनी सासूबाईंशी हात मिळवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी पाच मिनिटांत एकमेकींच्या गुडघ्यांची विचारपूस सुरू झाली. ती कशी झाली ते मला विचारू नका!

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर आपल्या गावचा पारच की! वर छप्पर घातलंय एवढंच.” मग थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, “पण आपल्या पारावर बायका कुठे बसायच्या गं?”

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला सुचतंय का बघा. आणि सुचलं की मैत्रिणींना बोलावून, दार नीट पाहून, एखादी दुपार ठरवून टाका.